तीन हौद, चौदा गोठे

बावड्याजवळच्या एका वस्तीवर माझी थोरली बहीण राहते. त्या वस्तीवर चौदा गोठे आहेत आणि ज्या दिवसांबद्दल मी लिहितो आहे त्या दिवसांत त्यांत मिळून एकसष्ट गाईगुरं होती. हे आकडे मला आजही झोपेतून उठवलं तरी सांगता येतील. वस्तीवरच्या कुणाला विचाराल तर तो 'असतील पन्नास-साठ' म्हणेल, आणि तरीही त्या जनावरांबद्दल त्याला माझ्यापेक्षा जास्त माहिती असेल. एवढं एक वाक्य कबूल करायला मला दोन वर्षं लागली.

मी बारामतीत राहतो आणि पाटबंधाऱ्याच्या कचेरीत काम करतो. कालव्यात वरून किती पाणी सोडलं, शेवटच्या चारीला किती पोचलं, मधलं किती मुरलं आणि किती मुरवलं गेलं, याचे तक्ते ठेवणं हे माझं काम. चोवीस वर्षांत माझ्या तक्त्यातली बेरीज कधी चुकली नाही. पाणी मात्र शेवटच्या चारीला क्वचितच वेळेवर पोचलं. पण ते माझ्या टेबलाचं काम नव्हतं.

करोनाच्या काळात सगळे घरात बसले तेव्हा मी आजाराचं गणित शिकलो. माझी मुलगी पुण्यात जीवशास्त्र शिकत होती. तिचे वर्ग तेव्हा आमच्या जेवणाच्या टेबलावर भरत. ती एक धडा ऐकत असताना मी शेंगा सोलत बसलो होतो. पडद्यावर तीन चौकोन आले: निरोगी, आजारी, बरे झालेले. पहिल्यातून दुसऱ्यात बाण, दुसऱ्यातून तिसऱ्यात बाण. मी शेंगा खाली ठेवल्या. हे तर तीन हौद होते! एकातून दुसऱ्यात किती वेगानं पाणी जातं ते कळलं की कोणत्या दिवशी कोणता हौद किती भरलेला असेल ते सांगता येतं. मी आयुष्यभर हेच करत आलो होतो, फक्त त्याला कुणी विज्ञान म्हटलं नव्हतं.

"बाबा, एक फरक आहे," मुलगी म्हणाली. "पाणी कुणाला भेटायला जात नाही. माणसं जातात. पहिल्या हौदातला दुसऱ्यातल्याला किती वेळा भेटतो, त्यावर त्या नळीची जाडी ठरते."

मी वहीत लिहून घेतलं: भेटी मोजणे. आणि पुढची दोन-अडीच वर्षं मोजण्यासारखा आजार शोधत राहिलो, असं माझी बायको म्हणते. ते खरं नाही. पण मी तयारीत होतो हे खरं.

एका गुरुवारी सकाळी बहिणीचा फोन आला. तिला आम्ही आक्का म्हणतो.

"आरं, वस्तीवर लाळ्या-खुरकूत आलीया. तात्यांच्या गायीच्या तोंडातनं फेस गळतुया, पाय टेकवंना. माझी तांबडी आठव्या म्हयन्यात हाय रं. पोटातलं जाईल तिचं."

ही तांबडी म्हणजे तिच्या गोठ्यातली पहिलारू कालवड. आक्काकडं तेव्हा तीनच जनावरं होती. त्यांतल्या दोन गाई म्हाताऱ्या, दोघींचं दूध आटलेलं. तांबडीला जे वासरू होईल त्याच्यावर तिचा सगळा डोळा होता. कालवड झाली तर पुढची पंधरा वर्षं गोठा चालेल, असं ती मला दिवाळीपासून सांगत होती. लसीकरणाची फेरी आली तेव्हा तांबडी गाभण, म्हणून आक्कानं तिला लस टोचू दिली नव्हती. पोटातलं जपण्यासाठी.

मी चौदा दिवसांची रजा टाकली. अर्जात 'घरगुती कारण' असं लिहिलं, कारण खऱ्या कारणासाठी रकाना नव्हता. निघताना बायको म्हणाली, "गोठ्यात हिंडणार तर जुन्या चपला घाला. ते नवे बूट कशाला?"

"लोकांच्या दारात वही घेऊन जायचं तर माणूस नीट दिसायला हवा," मी म्हणालो. चामड्याचे काळे बूट होते. तेव्हा जेमतेम महिनाभर वापरलेले.

पहिल्याच दिवशी मी पाहणीला सुरुवात केली. वहीला नऊ रकाने पाडले: गोठा, मालक, जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, वय, लस, तोंड, खूर, बाहेरून कोण येतं, आणि घरातलं कोण दुसऱ्याच्या गोठ्यात जातं. शेवटचे दोन रकाने महत्त्वाचे. त्यांतूनच भेटी मोजायच्या होत्या.

तात्या हे वस्तीतले सगळ्यांत वडीलधारे. आजार त्यांच्याच गोठ्यात पहिला आला होता, पण त्यांची जीभ धडधाकट होती.

"पाणी मोजून सरलं का कालव्याचं? आता काय लाळ मोजणार लिटरनं?"

"लाळ नाही तात्या, येणीजाणी मोजतोय. तुमच्या गोठ्यात बाहेरचं कोण कोण येतं?"

"तुमी आलाय की."

मी हसलो. उत्तर म्हणून ते लिहून घेतलं नाही.

ऐकीव माहिती नोंदवायची नाही ही माझी जुनी सवय. चारीला पाणी आलं असं कुणी सांगितलं तरी मी जाऊन पट्टी बुडवून बघतो. इथंही तसंच केलं. 'तोंड चांगलं हाय' असं मालकानं सांगितलं तरी मी पेनानं जनावराचा ओठ वर करून आत फोड आहे का ते स्वतः बघायचो, आणि मगच त्याच पेनानं रकान्यात एक किंवा शून्य लिहायचो. मधे पेन रुमालानं पुसायचो, नाहीतर अक्षर फिसकटतं.

ही फेरी मी रोज सकाळी करायचो. सुरुवात तात्यांच्या गोठ्यापासून, कारण तिथं लिहिण्यासारखं सगळ्यांत जास्त. तिथून ओळीनं एकेक गोठा करत शेवट आक्काच्या गोठ्यात, कारण तिथं चहा.

आक्काचे दोन्ही रकाने मी तिला समोर बसवून भरले.

"दुसऱ्याच्या गोठ्यात जातेस का?"

"माझं गुडघं बघ आदी. हाय त्या गोठ्यात जाईपतूर जीव जातुया."

"बाहेरचं कोण येतं?"

"हितं कोन येतंय? कुनी न्हाय."

दोन्हीकडं शून्य. फाट्याच्या, म्हणजे कालव्याच्या छोट्या शाखेच्या, पलीकडच्या काठावर एकच घर आहे, चाचीचं. ती एकटीच असते, दोन गाई सांभाळते. तिलाही तेच विचारलं.

"न्हाय बा, मी कशाला जाऊ कुनाच्या गोठ्यात? माझं मला उरकंना."

तिथंही शून्य.

तिसऱ्या दिवशी आकृती तयार झाली. चौदा गोल, त्यांच्यामध्ये रेघा, ज्या गोठ्यांत येणंजाणं जास्त त्यांच्यातली रेघ जाड. सगळ्यांत जाड रेघा दूध घालायच्या जागेकडं जाणाऱ्या. सकाळी सातला सगळी वस्ती तिथं किटल्या घेऊन एकमेकांच्या पायांवर पाय देत उभी राहते. मी मोबाइलवर तक्ता मांडला, तीन हौद केले, नळीची जाडी पहिल्या तीन दिवसांच्या आकड्यांवरून काढली. उत्तर आलं: काहीच केलं नाही तर चाळिसाच्या वर जनावरं आजारी पडतील; भेटी कमी केल्या तर एकवीस.

मी पारावर सगळ्यांना बोलावून हे समजावलं. एकमेकांच्या गोठ्यात जायचं नाही. दुधाला पाच-पाच घरांनी वेगवेगळ्या वेळी यायचं. आणि गोठ्याच्या दारात घमेलं ठेवून त्यात धुण्याचा सोडा कालवायचा, शंभर भाग पाण्यात चार भाग, आणि आत-बाहेर करताना पाय बुडवायचा. सोडा मी किचनच्या काट्यावर तोलून आणला होता. लोकांनी ऐकलं, हे मला नवल वाटलं. बहुतेक 'एकवीस' या आकड्यानं ते वचकले. वीस म्हणालो असतो तर अंदाज वाटला असता.

घमेली सहाच मिळाली. मग कुणाच्या दारात ठेवायची? मी आकृतीवरून क्रमवारी लावली. ज्याला जास्त रेघा त्याचा नंबर वर. आक्काच्या गोलाला एकही रेघ नव्हती.

"माझ्या दारात न्हाय व्हय घमेलं?" आक्कानं विचारलं.

"तुझा नंबर चौदावा आहे."

"सख्ख्या भावाच्या वहीत चौदावा?"

"चौदावा म्हणजे सगळ्यांत सुरक्षित. चांगलं आहे ते."

"चांगलं आसंल," ती म्हणाली, "पर गाभन कालवड माझ्याच गोठ्यात हाय."

मी तिला समजावलं की भावानं बहिणीचा गोठा पुढं घेतला तर बाकीचे तेरा जण नियम पाळणार नाहीत. मला माझ्या निःपक्षपातीपणाचा त्या दिवशी फार अभिमान वाटला. तो वाटायला कारणही होतं. आमच्या खात्यात तो क्वचित बघायला मिळतो.

चौथ्या दिवशी चाचीच्या एका गाईला फोड आले. हे माझ्या आकृतीत बसत नव्हतं, कारण तिच्या गोलालाही रेघा जवळजवळ नव्हत्याच. मी संध्याकाळी आक्काच्या अंगणात बाज टाकून यावर विचार करत बसलो होतो. दिवस नुकताच मावळला होता. फाट्यावरच्या साकवावरून कुणीतरी येताना दिसलं. जवळ आल्यावर ओळखलं, चाची. पदराखाली भाकरी. ती माझ्याकडं बघून हसली, सरळ गोठ्यात गेली, तांबडीच्या गळ्यात हात टाकला आणि भाकरीचा एकेक तुकडा तिच्या तोंडात द्यायला लागली. तांबडी तिच्या खांद्यावर मान घासत होती. ही आजची ओळख नव्हती.

मी बाजेवरून उठलो.

"चाची, तुम्ही रोज येता इथं?"

"रोज म्हंजी? न यिऊन कसं चालंल? माझी हाय न्हवं ती."

"तुमची?"

"आरं, कुनाची म्हंजी?" आतून आक्का म्हणाली. "चाचीची कालवड हाय. अर्धलीनं घेतलीया मी. तिला तिसऱ्या जनावराचा चारा झेपंना, मला गोठा रिकामा बघवंना. पैलं वासरू माझं, दुसरं तिचं, गाय दोघींची."

मी वही काढली. "चाची, मी तुम्हाला विचारलं होतं, दुसऱ्याच्या गोठ्यात जाता का म्हणून."

"दुसऱ्याच्या कुटं जाते मी? हिच्याकडं येते."

"आणि आक्का, तुला विचारलं होतं, बाहेरचं कोण येतं."

"ही बाहेरची हाय व्हय?" आक्कानं मलाच विचारलं.

दोघींनीही खरं उत्तर दिलं होतं. ज्या गोठ्यात आपली कालवड बांधली आहे तो दुसऱ्याचा गोठा कसा होईल? माझ्या वहीत मात्र एका जनावराला एकच मालक आणि एकच गोठा होता. अर्ध्या-अर्ध्या गाईसाठी मी रकानाच पाडला नव्हता. मी पेन घेऊन चाचीच्या गोलापासून आक्काच्या गोलापर्यंत रेघ ओढली, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला आजारी गाय होती, म्हणून चौदावा नंबर एका क्षणात पहिला झाला.

मग मी चाचीला जे सांगितलं ते शक्य तेवढ्या नरमाईनं सांगितलं. तुमच्या गोठ्यात आजार आहे, तुमच्या हातापायांवरून तो इथं येऊ शकतो, चौदा दिवस इकडं यायचं नाही.

"चौदा दिस?" ती म्हणाली. "आनि तिला कोन सांगनार?"

"कुणाला?"

"तांबडीला. ती वाट बघंल की."

"मी सांगते तिला," आक्का म्हणाली. "माझा भाऊ वही घिऊन आलाय म्हनून सांगते. घाबरंल ती."

चाचीनं उरलेली भाकरी गव्हाणीत ठेवली आणि मागं न बघता गेली. दुसऱ्या दिवसापासून ती संध्याकाळी फाट्याच्या पलीकडच्या काठावर येऊन बसायला लागली. तिथून ती हाक मारायची आणि इकडून तांबडी हंबरायची. पाणी मधून वाहत राहायचं. ते किती वाहतंय हे मी बघितल्याबरोबर सांगू शकलो असतो. तांबडीचा चारा कमी झाला. मी शेरा लिहिला: 'भूक मंद, कारण अज्ञात.'

आक्काच्या दारात सातवं घमेलं आलं. तिचं स्वतःचं पिठाचं घमेलं होतं ते. मी त्यात सोडा कालवला, तिला पाय कसा बुडवायचा ते दाखवलं, आणि मी घमेलं ओलांडून आत गेलो. सोड्यानं चामडं जातं. शिवाय मी जनावरांचं काही करत नव्हतो, फक्त नोंद घेत होतो.

दहाव्या दिवशी जनावरांचे डॉक्टर आले. तरुण माणूस, बोलायला गोड. तालुक्यात एकाच वेळी चार ठिकाणी साथ, त्यामुळं त्यांना आधी येता आलं नव्हतं. मी त्यांच्यापुढं वही ठेवली. त्यांनी तक्ते पाहिले, आकृती पाहिली, आलेख पाहिला. माझ्या अंदाजाची रेघ आणि प्रत्यक्षातली रेघ एकमेकींना चिकटून चालल्या होत्या.

"कमाल आहे," ते म्हणाले. "इतकी नीट नोंद मी सरकारी साथीतही बघितली नाही. सगळ्या गोठ्यांत तुम्ही स्वतः गेलात?"

"रोज. एकही सोडला नाही."

"रोज," ते म्हणाले आणि थोडा वेळ खाली बघत राहिले. मला वाटलं त्यांना कौतुकानं शब्द सुचत नाहीत. माझे बूट खरंच फार खराब झाले होते, त्याची मला थोडी लाज वाटली. निघताना त्यांनी एवढंच सांगितलं की लागण झाल्यावर बहुतेक वेळा आठवड्याच्या आत लक्षणं दिसतात, कधीतरीच चौदा दिवस लागतात. आणि आता बाहेरच्या माणसानं गोठ्यांत न गेलेलं बरं. मी ती सूचना संध्याकाळी वस्तीला वाचून दाखवली.

तेव्हा आजारी जनावरांचा आकडा वीस होता. त्यानंतर तीन दिवस एकही नवी नोंद नाही. साथ ओसरत होती. खरं तर मी सुटकेचा श्वास टाकायला हवा होता, आणि टाकलाही. पण हिशोबाच्या माणसाचं मन वेगळं असतं. मी एकवीस म्हणालो होतो. वीसवर थांबलेल्या तक्त्याकडं बघताना मला कुठंतरी एका आकड्याची रुखरुख होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

रजेच्या शेवटच्या दिवशी सकाळी फेरी संपवून मी आक्काच्या गोठ्यात आलो, आणि तांबडीच्या नावापुढचा रोजचा शून्य लिहिण्यासाठी तिचा ओठ पेनानं वर केला. आत फोड होता. हिरडीच्या कडेला, हरभऱ्याएवढा. खाली गव्हाणीत लाळेची तार लोंबत होती.

एकविसावी.

आक्का मागं उभी होती. मला काही सांगावं लागलं नाही. ती आत गेली आणि चुलीवर पाणी तापायला ठेवलं. मी अंगणात बाजेवर बसून हिशोब मांडला, कारण मला दुसरं काही करता येत नाही.

चाचीला येणं बंद करून दहा दिवस झाले होते. डॉक्टरांच्या बोलण्यावरून दहा दिवस म्हणजे फार उशीर. शक्यता अगदीच नाही असं नाही, पण कमी.

"चाचीकडूनच आलं असेल," तरीही मी म्हणालो. "त्या आधीच्या दिवसांत. आजारी गाईजवळून उठून ती तशीच इकडं येत होती."

आक्का गरम पाण्याचं भांडं घेऊन गोठ्याकडं निघाली होती. ती थांबली.

"तशीच? ती सांजंची मगरिबची नमाज पडून येती. धारा काडून झाल्या का हात-पाय-तोंड सगळं धुती, दुसरं लुगडं नेसती, नमाज पडती, मग भाकरी घिऊन निगती. वीस वर्सं बगतिया मी. तिच्या पायाला माती आसती ती निस्ती साकवावरची." तिनं माझ्या पायांकडं बघितलं. "तुजं बूट कदी धुतलंस?"

उत्तराचा आकडा मला माहीत होता.

मग मी पुन्हा मांडलं. तांबडीच्या गोठ्यात गेल्या दहा दिवसांत कोण गेलं? आक्का, आणि मी. आक्का दुसऱ्या गोठ्यांत किती गेली? शून्य. मी किती? रोज तेरा. त्यांतले आजारी आधी आणि तांबडी शेवटी. घमेल्यात पाय किती वेळा बुडवला? शून्य. पेन किती वेळा धुतलं? रुमालानं पुसलं होतं, तेही अक्षरासाठी. वस्तीनं एकमेकांकडं जाणं बंद केलं होतं, त्यामुळं त्या काळात चौदाच्या चौदा गोठ्यांना जोडणारी एकच रेघ वस्तीवर उरली होती. तीच माझ्या आकृतीत नव्हती, कारण आकृती काढणारा मी होतो. माझा अंदाज इतका बरोबर का येत होता तेही मला तेव्हाच कळलं. ज्या वेगानं आजार पसरत होता तो वेग मी दुरून मोजत नव्हतो. त्यातला बराचसा वेग माझाच असावा.

खात्रीनं नाही सांगता येणार. माशी असेल, कुत्रं असेल, वारा असेल. डॉक्टरांना नंतर फोन केला तेव्हा तेही म्हणाले, "असं एकावर बोट ठेवता येत नाही, साहेब." फार भला माणूस. पण पाण्याचा हिशोब करताना आम्ही सगळ्यांत मोठं भोक आधी धरतो, आणि या हिशोबात सगळ्यांत मोठं भोक कोणतं याबद्दल मला शंका नव्हती.

कुणी मला विचारलं नसतं. दुसऱ्या दिवशी बारामतीला जाऊन मी माझ्या टेबलावर बसलो असतो. पण वही माझ्याजवळ होती, आणि तिच्यात मी चाचीच्या गोलापासून ओढलेली रेघ होती, पेनानं ओढलेली, गडद. ती तशीच ठेवून जाणं मला जमेना.

संध्याकाळी चाची पलीकडच्या काठावर येऊन बसली. तांबडीनं हाकेला उत्तर दिलं नाही. मी बूट काढून बाजूला ठेवले आणि अनवाणी साकवावर गेलो, मध्यापर्यंत.

"चाची, तांबडीला झालंय."

ती उठून उभी राहिली. "माझ्यामुळं?"

"नाही. बहुतेक माझ्यामुळं." मी तिला सगळं सांगितलं. पेन, बूट, फेरीचा क्रम. मी एरवी तीन हौदांचं गणित चांगलं समजावतो, पण हे सांगताना फार अडखळलो.

"म्हंजी सगळ्यांनी घरात बसायचं," तिनं हळूहळू जुळवलं, "आनि तुमी तेवडं हिंडायचं."

"हो."

"आनि मी पाय धुऊन येत व्हते ती बंद."

"हो."

चाची म्हणाली, "भाऊ, तुमी सरकारात हाय न्हवं?"

"आहे."

"तरीच."

मग तिनं मला बाजूला व्हायला सांगितलं, साकवावरून अलीकडं आली, आक्काच्या दारातल्या घमेल्यात आधी उजवा आणि मग डावा पाय बुडवला आणि गोठ्यात गेली. पुढचे वीस-बावीस दिवस त्या दोघींनी काय केलं ते मला आक्काच्या फोनवरून कळत होतं. तोंड सोललेलं, त्यामुळं भाकरी चावता येईना. चाची ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून, थंड करून, मुठीनं भरवायची. दिवसातून चार वेळा खूर धुवायचे, औषध लावायचं, खाली कोरडं भुसकट पसरायचं. डॉक्टर दोनदा येऊन गेले. रोज फोनवर मी एकच विचारायचो, आणि रोज आक्का म्हणायची, "पोटात हलतंय. हात लावून बगितलंय." हे ती पेनानं बघत नव्हती.

एका सकाळी कचेरीत असताना फोन वाजला. पलीकडं दोघी एकाच वेळी बोलत होत्या, त्यामुळं आधी काहीच कळेना.

"झाली रं!" शेवटी आक्काचा आवाज वर आला. "कालवड झाली. कपाळावर टिक्का हाय. उटून उबी बी राह्यली."

"आणि तांबडी?"

"मागल्या पायानं लंगडतीया. ऱ्हाईल तेवडं, डॉक्टर म्हनं."

ते राहिलं. तांबडी अजून लंगडते. माझ्या तक्त्यात ती 'बरे झालेले' या तिसऱ्या हौदात आहे; त्या हौदात लंगडण्यासाठी रकाना नाही.

त्या रविवारी मी वासरू बघायला गेलो. वहीही घेतली होती. चौदा गोठ्यांच्या आकृतीत मी पंधरावा गोल काढला होता, स्वतःचा, आणि त्याच्यापासून प्रत्येक गोठ्यापर्यंत रेघ. चाची ते आक्का ही रेघ मला खोडायची होती, पण शाई खोडता येत नाही, म्हणून तिच्याशेजारी लिहिलं होतं: 'पाय धुतलेले.' तात्यांना ती आकृती दाखवली. त्यांनी डोळे बारीक करून बघितली.

"कोळी मदी बसलाय व्हय जाळ्यात?" ते म्हणाले. "मी पैल्याच दिशी सांगितलं व्हतं तुमास्नी, बाहेरचं कोन येतंय ते. लिवून घेतलं न्हाई तुमी."

आक्काच्या दारात पोचलो तर चाची तिथंच उंबऱ्यावर बसलेली. आतून वासराचा बारीक आवाज येत होता. साथ संपून महिना होत आला होता, बाकीच्या सहा घरांनी घमेली केव्हाच परत नेली होती. इथलं मात्र जागेवर होतं, काठोकाठ भरलेलं. मी सवयीनं ते ओलांडायला पाय उचलला.

"भाऊ," चाची म्हणाली, "पाय."

मी बुटांकडं बघितलं. तेच काळे होते. पॉलिश करून आणले होते.

"सोडा बरोबर पडलाय का यात? शंभराला चार?" मी विचारलं.

"मोजून बगा की," ती म्हणाली. "पर आदी पाय ठिवा."